गौरी-गणपती आणि गाइडची तारीख
बाळ वर्षाचं, घरचा गणपती आणि गाइडना प्रबंधाचं प्रकरण हवंय. पीएचडी सोडू का, असं विचारलंयस. थांब! यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या पीएचडी नियमांत स्त्री संशोधकांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, शिवाय ६ वर्षांच्या कमाल मुदतीवर २ वर्षांची सवलतही. मला क्लार्कने ‘असं काही नसतं’ म्हणून परत पाठवलं होतं. नियमाची प्रिंट नेली तेव्हा निमूट अर्ज घेतला.

आधी मी मोदक वळता वळता संदर्भसूची लावायचे. मोदकही फुटायचे, सूचीही चुकायची. आता जुलैतच गाइडना सांगते, गौरी जाईपर्यंत मी नाही. मैत्रिणींची लग्नं मात्र बुडतातच, त्यावर इलाज सापडलेला नाही.