‘राष्ट्रीय सुरक्षेचं हित’ नेमकं कशात मोजायचं आणि ते ठरवतं कोण?

जुळे_सोलापूरकर

राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करतोय. अंतर्गत सुरक्षेच्या भागात अडकलो आहे. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सरकार ॲप बंद करतं, परदेशी गुंतवणूक अडवतं, चॅनेलचा परवाना रोखतं, माणसाला खटला न चालवता आत ठेवतं. मग याची व्याख्या कुठल्या कायद्यात आहे? अभ्यासिकेत यावरून वाद झाला. मित्र म्हणतो, सरकार म्हणेल ते हित. मला पटत नाही, पण उत्तरही देता आलं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

निवृत्त_वकील

बाळा, व्याख्या एका जागी मिळणार नाही. घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणं वेगवेगळी दिली आहेत. ती मुद्दाम वेगळी आहेत. तुझ्या मित्राला राममनोहर लोहियांचा खटला वाचायला दे.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं. आदेशात कारण लिहिलं ‘कायदा व सुव्यवस्था’. नियमात अधिकार होता ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’साठी. या दोन गोष्टी एक नव्हेत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने लोहियांना सोडलं. न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पिली: सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि सगळ्यात आतलं, सगळ्यात लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. तारीख बघ, ७ सप्टेंबर १९६५. सीमेवर पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं आणि न्यायालय सरकारला सांगतंय की तुझा अधिकार इथवरच.

आपल्या पेपरात ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ अशा बातम्या येतात ना? हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा यांच्यासाठीचा तो १९८१ चा राज्याचा कायदा. तो मधल्या वर्तुळातला. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आतल्या वर्तुळापर्यंत जातो, पण त्यातही सार्वजनिक सुव्यवस्थेचं कारण आहेच. म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

चॅनेलचं म्हणशील तर केरळच्या मीडियावनचा निकाल बघ, एप्रिल २०२३. गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली आणि कारणं बंद लिफाफ्यात न्यायाधीशांना दिली. सर्वोच्च न्यायालयाने चॅनेलचा परवाना रोखणारा आदेश रद्द केला. सुरक्षेचा दावा करायचा तर त्याला आधार दाखवा, नुसतं नाव घेऊन चालणार नाही, असा त्याचा गाभा.

आणि हे सोलापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. १२ मे १९३० ला या शहरावर मार्शल लॉ लागला, जूनअखेरपर्यंत राहिला. राष्ट्रध्वज घेऊन फिरणं हा गुन्हा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तेव्हाही सुरक्षा हेच कारण होतं, पण ती राज्यकर्त्यांची सुरक्षा होती. धोका कुणाला आहे, हे आधी विचारायचं.

माजी_सैनिक_मोहोळ

वकीलसाहेब, बरोबर. पण पोरांना दुसरी बाजूही कळू द्या. १९४८ साली आपल्या पूर्वेला नळदुर्ग, तुळजापूर निजामाकडे होतं. रझाकारांच्या भीतीने माणसं घरदार सोडून सोलापुरात येत होती. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींची फौज इथूनच निघाली, त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ तारखेला निजाम शरण आला. देशाच्या पोटात वेगळं सशस्त्र राज्य चालणार नाही, हे सरकारने ठरवलं. जवानाने ते पार पाडलं. हित ठरवणं मंत्रिमंडळाचं काम आणि ते तसंच असावं.

मला सलतं ते वेगळंच. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ मध्ये झाली. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती बसली. तिन्ही दलांवर एक प्रमुख हवा ही चर्चा तेव्हापासूनची, पद भरलं १ जानेवारी २०२० ला. आणि देशाचं लेखी सुरक्षा धोरण आजवर लोकांपुढे आलेलं नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना ते तिथल्या संसदेपुढे ठेवावं लागतं. सगळं उघड करू नका, पण दिशा तरी सांगा. ज्याचा मुलगा सीमेवर उभा आहे त्याला एवढं कळायला हवं.

अक्कलकोटरोड_टॉवेल

माझा टॉवेलचा कारखाना आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. एप्रिल २०२० मध्ये नियम आला: जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणारी गुंतवणूक आधी सरकारच्या मंजुरीनेच. त्या जूनमध्ये ५९ चिनी ॲप बंद झाले. मग चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळेना. आमच्या एमआयडीसीत एकाकडे मशिनं येऊन पडली, बसवणारा माणूस येईना, हप्ता मात्र सुरू. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले, त्यामुळे निर्णयाबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की जे मशीन बाहेरून आणल्याशिवाय आपला माग चालत नाही, ते इथे बनवणं हेही सुरक्षेतच धरा. आयात रोखणं एका आदेशाने होतं. कारखाना उभा राहायला दहा वर्षं लागतात, त्याला आजपासून पैसा घाला.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. वकीलकाका, राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली धरलेल्या माणसाला दाद कुठे मागता येते?

निवृत्त_वकील

जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा पोलीस आयुक्तांनी आदेश काढला तर राज्य सरकारने १२ दिवसांत तो मंजूर करावा लागतो, नाहीतर तो संपतो. तीन आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. मंडळाने पुरेसं कारण नाही म्हटलं तर सोडावंच लागतं. कमाल मुदत १२ महिने. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबून ठेवल्याविरुद्धचा अर्जही करता येतो. पण मंडळापुढे वकिलाला उभं राहण्याचा हक्क नाही. ज्याला लिहिता येत नाही अशा माणसाची सगळी भिस्त त्याच्या निवेदनाच्या कागदावर असते. मी अशी निवेदनं लिहून दिली आहेत आणि ही तरतूद बदलावी असं मला मनापासून वाटतं. परीक्षेत कलम ३, १० आणि ११ लिही.