उरलेल्या नऊ सामन्यांसाठी बाहेरचे खेळाडू घ्यावेत का?

तापीकाठ, भुसावळ

नमस्कार. भुसावळमधील एका हौशी फुटबॉल संघाचे कामकाज मी गेली सहा वर्षे पाहतो. मोसम निम्म्यावर आला आहे आणि येत्या रविवारच्या बैठकीत आम्हाला एक निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

आमच्या स्थानिक लीगमध्ये दहा संघ आहेत. अठरापैकी नऊ सामने झाले असून तीन विजय, चार बरोबरी आणि दोन पराभव यांतून मिळालेल्या १३ गुणांवर आम्ही पाचव्या स्थानी आहोत. पहिले दोन संघ पुढच्या फेरीत जातात आणि सध्या दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या संघाचे १८ गुण आहेत. मोसम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाचांत राहावे एवढीच आमची अपेक्षा होती, पण पहिल्या सहा सामन्यांत एकदाही हरलो नाही, तेव्हा सगळ्यांच्याच मनात पहिल्या दोन जागांचा विचार घर करून बसला. त्यानंतरच्या तीन सामन्यांत मात्र एक बरोबरी आणि दोन पराभव पदरी पडले. सहाव्या सामन्यानंतर आमचा गोलरक्षक नोकरीनिमित्त सुरतला गेला आणि आता त्याच्या जागी सतरा वर्षांचा मुलगा उभा राहतो.

कार्यकारिणीतील बहुतेकांचे म्हणणे असे, की नऊ सामन्यांत आठच गोल झाले आहेत, तेव्हा नागपूर आणि मुंबईहून दोन आघाडीपटू व एक मध्यरक्षक उरलेल्या सामन्यांसाठी आणावेत. तिघांशी बोलणेही झाले आहे. प्रत्येकाला सामन्यामागे दोन हजार रुपये मानधन आणि प्रवास, जेवण, मुक्काम यांचे साधारण आठशे रुपये धरले, तर नऊ सामन्यांचा खर्च ७५,६०० रुपये होतो. आमच्या खात्यात १,१०,००० रुपये आहेत. वर्गणी, जुन्या खेळाडूंनी दिलेले पैसे आणि रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याची देणगी असे मिळून ते जमले आहेत. पुढच्या वर्षासाठी हाती काय उरेल, हे वेगळे सांगायला नको.

माझा जीव आणखी एका गोष्टीत अडकला आहे. या तिघांच्या येण्याने जे बाहेर बसतील, त्यांतला एक मुलगा साकेगावहून सायकलने पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतो आणि जाळ्या बांधण्यापासून चुन्याच्या रेषा मारण्यापर्यंतची कामे आपणहून करतो. दुसरा प्रश्न आमच्या डाव्या विंगरचा, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूचा. त्याला पुण्याच्या एका संघाने चाचणीला बोलावले आहे. मोसम संपेपर्यंत त्याला थांबवावे, असे काही जणांना वाटते. आपण माझ्या जागी असता तर काय केले असते?

माजी गोलरक्षक, जळगाव

दादा, गोलरक्षक गेल्याचे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे निघून गेलात, पण मला तुमच्या प्रश्नाचे मूळ त्याच वाक्यात दिसते. केलेल्या गोलांचा आकडा तुम्ही दिला आहे, खाल्लेल्या गोलांचा दिलेला नाही. कृपया तो पहिले सहा सामने आणि नंतरचे तीन सामने असा वेगवेगळा सांगा.

तापीकाठ, भुसावळ

पहिल्या सहा सामन्यांत सहा गोल केले आणि तीन खाल्ले. नंतरच्या तीन सामन्यांत दोन केले आणि सहा खाल्ले. हा हिशेब असा समोर ठेवून आम्ही पाहिलाच नव्हता, हे मान्य करतो.

माजी गोलरक्षक, जळगाव

मग पुढचे सविस्तर लिहितो. तुमचा शेवटचा सामना मी पाण्याच्या टाकीकडच्या गोलामागे उभा राहून पाहिला होता. दुसरा गोल कॉर्नरवरून झाला. चेंडू हवेत असताना तुमचा नवा गोलरक्षक मुलगा दोन पावले पुढे आला, तिथे अडखळला आणि पुन्हा रेषेवर गेला. तेवढ्या वेळात तुमच्या दोन्ही मधल्या बचावपटूंनी वळून त्याच्याकडे पाहिले, कारण चेंडू कोणी घ्यायचा हे त्यांना कळेना, आणि समोरच्या खेळाडूने लहान चौकटीत मोकळ्याने डोके लावले. त्या मुलाचे हात चांगले आहेत, उंचीही आहे. त्याच्या तोंडून आवाज निघत नाही, एवढीच त्याची उणीव आहे. ‘माझा’ म्हणून ओरडण्याचा धीर सतराव्या वर्षी, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बचावपटूंसमोर, फार थोड्यांना होतो. मलाही तो विशी ओलांडल्यावर आला.

त्या टोकाच्या गोलासमोरची काळी माती खचून तिथे खळगा झाला आहे आणि कडेला भेगा पडल्या आहेत. जमिनीवरून येणारा चेंडू तिथे कधी मरतो, कधी अचानक उसळतो. तुमचा जुना गोलरक्षक हे जाणून होता, म्हणून तो खळग्याच्या पुढे उभा राहायचा. नवा मुलगा खळग्यात उभा राहतो. त्याला हे कोणी सांगितले आहे का?

तुमच्या आघाडीला चेंडू कमी का मिळतो, याचेही उत्तर मला इथेच सापडले. जुना गोलरक्षक चेंडू हातात आला की लगेच हातानेच डाव्या विंगरकडे फेकायचा आणि समोरचा संघ मागे सरकण्याआधी तुमची चढाई अर्ध्या मैदानापलीकडे गेलेली असायची. आता प्रत्येक वेळी लांब लाथ मारली जाते आणि दहापैकी आठ चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बचावाकडे जातात. अशा खेळात नागपूरचे दोन आघाडीपटू आणून उभे केले, तरी त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचणार कसा?

माझे मत स्पष्ट आहे. तिघांऐवजी एकच खेळाडू आणा आणि तो अनुभवी गोलरक्षक असू द्या. तुमच्याच दराने नऊ सामन्यांचे २५,२०० रुपये होतील. नागपूरहून आणलात तर विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसची सोय आहे. त्याच्याशी बोलतानाच ठरवून घ्या, की सामन्याच्या आदल्या दिवशी येऊन त्याने या मुलाला सराव द्यायचा.

फैजपूरकर

गोलरक्षकाबद्दलचे म्हणणे मला पटते, पण बाहेरचा खेळाडू म्हणजे घरच्या मुलांवर अन्यायच, असा सूर आपल्याकडे लवकर लागतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मोसमाच्या मध्यावर घेतलेला खेळाडू संघाला विजेतेपदापर्यंत नेऊ शकतो, हे आपण इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटीच्या बाबतीत पाहिले आहे. २०२३-२४ च्या मोसमात त्यांचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मध्येच इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा खेळाडूही संघ सोडून गेला आणि शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानकडून २-१ असे हरल्याने साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्डही हातची गेली. तरीही ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात त्याच मोहन बागानला त्यांनी अंतिम सामन्यात ३-१ असे हरवले आणि तिसरा गोल जानेवारीत आलेल्या याकुब वोज्तुसचा होता. पण त्या अंतिम सामन्यातले पहिले दोन गोल कोणी केले, तेही पाहा. पेरेरा डियाझ आणि बिपिन सिंग, म्हणजे आधीपासून संघात असलेल्यांनी. नवा माणूस उभ्या असलेल्या घराला आधार म्हणून आला होता.

उलट उदाहरण आर्सेनलचे आहे आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. जानेवारी २०२३ मध्ये ते इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये अव्वल होते. आघाडीचा खेळाडू मुद्रिक हवा होता, तो चेल्सीने नेला, तेव्हा त्यांनी ट्रोसार्ड, जॉर्जिन्यो आणि कीव्हियोर यांना घेतले. ट्रोसार्डने फुलहॅमविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच तीन गोलांना पास दिले, म्हणजे ती खरेदी चुकली असे कोणी म्हणणार नाही. पण मार्चमध्ये मधला बचावपटू सालिबाची पाठ दुखावली आणि त्याच्या तोडीचा पर्यायी बचावपटू संघात तयार नव्हता. लिव्हरपूल, वेस्ट हॅम आणि तळाला असलेला साउथहॅम्प्टन यांच्याशी ओळीने तीन बरोबरी झाल्या आणि शेवटी मँचेस्टर सिटी ८९ गुणांवर, आर्सेनल ८४ गुणांवर राहिले. आघाडी भक्कम होती, संघ मोडला तो मागच्या फळीत.

म्हणून माझी सूचना अशी, की गोलरक्षक घ्याच, पण मधल्या बचावपटूंपैकी एखादा जखमी झाला तर त्याच्या जागी कोण खेळेल, हे नाव आजच कागदावर लिहून ठेवा. घरात तसा कोणी नसेल, तर दुसरा माणूस त्या जागेसाठी घ्या, आघाडीसाठी नाही. पाच गुणांचे अंतर नऊ सामन्यांत भरून निघू शकते. ते भरून काढण्याची इच्छा कार्यकारिणीने बाळगली, यात मला काहीच गैर वाटत नाही. आपल्या भागातल्या संघांनी थोडी मोठी स्वप्ने पाहायलाच हवीत.

नोंदणीचे काम पाहणारा, धुळे

दादा, खेळाचे वर आले आहे, मी कागदपत्रांचे लिहितो, कारण चांगले चाललेले मोसम या कारणाने वाया जाताना मी पाहिले आहेत. आमच्या ओळखीच्या एका संघाने बाहेरचा खेळाडू उतरवला, सामना जिंकला आणि नंतर आक्षेप येऊन गुण गमावले.

पहिली गोष्ट. फिफाच्या नियमांनुसार एका मोसमात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने तो दोनच क्लबांकडून खेळू शकतो. नागपूर किंवा मुंबईचा जो खेळाडू तुम्ही घेणार, तो या मोसमात आधीच दोन संघांकडून खेळला असेल, तर तुमच्यासाठी त्याचा उपयोग नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्याची नोंद सध्या कोणाकडे आहे ते पाहा आणि त्या क्लबचे नाहरकत पत्र हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. फक्त हौशी खेळाडूंच्या स्पर्धांना फिफाची ट्रान्स्फर विंडो, म्हणजे क्लब बदलण्याचा ठरलेला काळ, लागू होत नाही, त्यांचा नोंदणीचा काळ संघटना ठरवते. तेव्हा तुमच्या लीगच्या नियमपत्रिकेतील शेवटची तारीख प्रथम वाचा. कदाचित ती रविवारच्या बैठकीआधीच येत असेल.

दुसरी गोष्ट मानधनाची. लेखी करार आणि प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त पैसे, या दोन्ही गोष्टी असल्या की खेळाडू व्यावसायिक ठरतो. बाकी सारे हौशी. तुमची स्पर्धा फक्त हौशींची असेल, तर सामन्यामागच्या दोन हजारांचा काय अर्थ लावला जाईल, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा. ‘लोनवर आणू’, म्हणजे तात्पुरता उसना घेऊ, असेही आपल्याकडे सर्रास बोलले जाते, पण लोन हा करारबद्ध व्यावसायिक खेळाडूंचा प्रकार आहे. हौशी खेळाडूची नोंदणीच बदलावी लागते.

आता तुमच्या विंगरबद्दल. त्याला थांबवू नका. माझ्या संघातला एक मुलगा आम्ही असाच ‘एवढा मोसम खेळून जा’ म्हणून अडवला होता. पुढच्या वर्षी त्याला बोलावणे आले नाही आणि त्याची आई मला बाजारात भेटली की अजून विचारते, “भाऊ, मना पोऱ्या आते कुठे खेयी?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मुलाला जाऊ द्या, फक्त जाण्याआधी तुमच्या क्लबकडची त्याची सर्व वर्षांची नोंद प्रणालीत नीट आहे का ते तपासा. पुढे तो व्यावसायिक झाला आणि करार चालू असताना त्याच्या क्लबने मोबदला घेऊन त्याला परदेशी क्लबकडे जाऊ दिले, तर त्या मोबदल्यातील पाच टक्के रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. आपल्या भागातून असे किती जण जातील हा भाग सोडा, पण ज्या मुलाची नोंदच नाही, त्याच्यासाठी तुम्ही केलेली मेहनत कोणालाही दाखवता येत नाही.

वाघूरवाला

वर सगळे जिंकण्याबद्दल बोलत आहेत, म्हणून थोडे वेगळे विचारतो. दुसरा क्रमांक मिळाला आणि पुढच्या फेरीत गेलात, तर तिथला प्रवासखर्च कोण करणार? ७५,६०० रुपये गेल्यावर खात्यात ३४,४०० उरतात. अठरा जणांचा संघ दोन दिवस बाहेरगावी नेला, तर तेवढ्यात भागणार नाही. मग जिंकूनही माघार घ्यावी लागेल. आणखी एक, मार्चनंतर आपल्याकडे दुपारी चारलाही मैदानावर उभे राहवत नाही. रात्रभर रेल्वेत बसून आलेला पाहुणा खेळाडू त्या उन्हात साठाव्या मिनिटाला थकतो आणि घरचा मुलगा पळत राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

स्पेनमधला ॲथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क प्रांताशी नाते असलेले खेळाडू घेतो, तरीही पहिल्या श्रेणीतून तो कधीच खाली गेलेला नाही आणि २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्याने कोपा देल रे हा स्पेनचा चषक जिंकला. त्यांच्याकडे पैसा आणि अकादमी आहे, आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. पण साकेगावचा तो मुलगा आपल्याकडे आहे. विंगर पुण्याला गेला तर ती जागा रिकामी होईल. त्याला तिथे खेळवून पाहिले आहे का?

तापीकाठ, भुसावळ

सर्वांचे मनापासून आभार. नियमपत्रिका काढून वाचली. नोंदणी बदलण्याची मुदत शुक्रवारी संपते, म्हणून अध्यक्षांना सांगून बैठक गुरुवारी संध्याकाळी ठेवली आहे. दोन्ही आघाडीपटूंना आणि मध्यरक्षकाला मी आज दूरध्वनी करून नम्रपणे नकार कळवला. पुढच्या फेरीच्या प्रवासासाठी ४०,००० रुपये बाजूला ठेवावेत, असा ठराव मांडणार आहे. विंगर सोमवारी पुण्याला निघेल आणि त्याच्या जागी साकेगावच्या मुलाला उतरवू. तो मूळचा उजव्या पायाचा आहे, त्यामुळे डावीकडून आत वळण्याची त्याला सवय करावी लागेल. मधल्या बचावासाठी पर्यायी नाव मात्र आमच्याकडे खरोखरच नाही. त्यावर अजून विचार चालू आहे.

जळगावच्या सरांना एक विनंती. नागपूरच्या एका गोलरक्षकाचे नाव पुढे आले आहे. या मोसमात तो एकाच क्लबकडून खेळला आहे आणि त्याच्या क्लबची नाहरकत उद्या मिळेल असे दिसते. पण तो आदल्या दिवशी येऊ शकत नाही, त्याला नोकरीतून सुटी मिळत नाही. मग मुलाच्या सरावाचे काय करावे?

माजी गोलरक्षक, जळगाव

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने मी येईन, सहा वाजता मैदानावर असेन. मला मानधन नको. त्या मुलाला हातमोजे नवे घेऊन द्या, सध्याच्या मोज्यांच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. आणि मी येण्याआधी टाकीकडच्या खळग्यात दोन ट्रॉली माती टाकून, पाणी मारून रोलर फिरवून घ्या.