उभं करून ओळख नको

चर्चमध्ये नवीन आलेल्यांचं स्वागत कसं करावं, या चर्चेत कुणीतरी सुचवलंय की रविवारच्या भक्तीत त्यांना उभं करून टाळ्या वाजवायच्या. ही कल्पना मला पटत नाही. पुण्याला बदली झाल्यावर पहिल्याच रविवारी मी तसा उभा राहिलोय. फूल मिळालं, टाळ्या मिळाल्या, आणि बाहेर आल्यावर "सलाम, मूळ गाव कुठलं? आडनाव काय?" एवढं विचारून जो तो आपापल्या घोळक्यात गेला. (आडनावावरून काय शोधायचं असतं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.)

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती या चर्चेत कुणी मांडलेली नाही. आमची उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्च-पंथ, एकत्र येऊन झाली. पाटी एकच, पण जुन्या चाली जिथल्या तिथे राहिल्या. आमच्याकडे नगरला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) बाकावर बसल्या जागी, छोट्या पेल्यांतून. पुण्यात मात्र रांगेने वेदीपुढे जाऊन गुडघे टेकायचे. मी आपला बाकावर वाट बघत बसलो, नि अख्खी रांग माझ्या गुडघ्यांवरून पुढे सरकली! गीतपुस्तकही जवळ नव्हतं. फळ्यावरचे गीतांचे आकडे नुसते बघत होतो. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मावशींनी त्यांचं पुस्तक उघडून पुढे केलं आणि म्हणाल्या, "उठ बाळा, माझ्या मागोमाग ये." पुढच्या रविवारी मी गेलो तो त्यांच्यामुळे. स्वागत समिती नेमायचीच असेल तर तिला दारात उभी करू नका, मागच्या बाकांवर बसवा.