पॅरी म्हणजे नेमकं काय? अर्थ आणि मूळ

तलवारबाजीतली (फेन्सिंग) पॅरी म्हणजे वार चुकवणं असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. चुकवणं म्हणजे अंग काढून घेणं, वाकणं, मागे सरकणं. पॅरीत काम पात्याचं असतं, आपल्या पात्याने समोरच्याचं पातं त्याच्या वाटेवरून बाजूला सारायचं.

फॉइल, सेबर आणि एपे हे या खेळातले तलवारीचे तीन प्रकार. फॉइलमध्ये बघा, टोक छातीवर येतंय, तुमचा हात सिक्स्टमधून कार्टमध्ये (बचावात हात-पातं धरायच्या ठरलेल्या जागा) येतो म्हणजे बाहेरच्या बाजूकडून आत जेमतेम वीतभर, आणि तुमच्या पात्याचा मुठीजवळचा जाड भाग त्याच्या टोकाकडच्या बारीक भागाला लागतो त्यामुळे फार जोर लागत नाही. टोक अंगाबाहेर गेलं की बस, आणखी हात नेला तर दुसरी बाजू उघडी पडते. मग लगेच उलटा वार, तो रिपोस्ट, मूळ इटालियन शब्दाचा अर्थच उत्तर. फॉइल आणि सेबरमध्ये पॅरी जमली की वाराचा हक्क तुमच्याकडे येतो, लगेच रिपोस्ट मारलात तर दोघांचे वार लागल्याचे लाइट एकदम लागले तरी पॉइंट तुम्हाला. एपेमध्ये हा हक्काचा प्रकारच नाही.

सिक्स्ट, कार्ट ही नावं म्हणजे जुन्या फ्रेंचमधले सहावा, चौथा. प्राइमपासून ऑक्टाव्हपर्यंत अशा आठ जागा. आपली भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळली ते सेबर, तिथे डोक्यावरचा वार पाचव्या पॅरीने, पातं डोक्यावर आडवं धरून घेतात.

आता मूळ. लॅटिन पारारे म्हणजे तयार करणं, सज्ज करणं. इटालियनमध्ये त्यालाच वार अडवणं, बचाव करणं असाही अर्थ आला, तिथून फ्रेंच पारे आणि सतराव्या शतकात इंग्रजीत पॅरी. याच घरातले पॅरासोल (ऊन अडवणारं), पॅराशूट (पडणं अडवणारं), पॅरापेट (छातीइतक्या उंचीची आडभिंत). कामशेतला आपण पॅराग्लायडिंग करतो त्यातला पॅरासुद्धा पॅराशूटमधूनच आलाय! पॅराग्राफ, पॅरलल मात्र ग्रीक, त्यांचा यांच्याशी संबंध नाही. आणि आपल्या फरी-गदक्यातली फरी म्हणजे छोटी ढाल, कानाला जवळची वाटते पण नातं जोडू नका.

मराठीत मी तरी "वार परतवला" लिहिणार नाही, त्यात रिपोस्टसुद्धा येतो. "वार बाजूला सारला" बरोबर. फुटबॉलमध्ये कीपर बॉल न पकडता हाताने बाहेर ढकलतो त्यालाही पॅरीच म्हणतात, तिथेही हेच चालेल. प्रश्न पॅरी केला असेल तर मात्र सरळ "टोलवला" लिहा.