छळ झाला म्हणून ऐकायचं का?

उलटीगंगा:
हुकूमशाह्यांनी भरडलेल्या संगीतकारांच्या एका चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचं पाश्चात्त्य संगीत) महोत्सवाची पत्रिका परवा 'तिरपागडे' यांनी इथं डकवली, आणि खाली शेरा मारला: 'सगळी दुसऱ्या फळीतली मंडळी. नाझींच्या छळछावणीत मेली नसती तर आज कुणी विचारलं नसतं. सहानुभूतीच्या गुणांवर पास.' सोडून देणार होतो, नाही जमलं.

पावेल हास घ्या. चेक संगीतकार यानाचेकचा शिष्य. त्याचं दुसरं क्वार्टेट १९२५चं. शेवटच्या भागात चार तंतुवाद्यांच्या जोडीला चक्क जॅझचे ड्रम! हे काय कुणाची कीव यावी म्हणून लिहिलं होतं? एर्विन शुलहोफचे क्वार्टेटसाठीचे पाच तुकडे १९२४मध्ये साल्झबर्गच्या महोत्सवात वाजले. तेव्हा छावण्याही नव्हत्या आणि सहानुभूतीही.

मग ते विस्मरणात का गेले? कारण त्यांच्याबरोबर त्यांचे वादक, शिष्य, ऐकायला येणारे, सगळेच संपवले. पुढं नाव चालवणार कोण? गिडियन क्लाइननं तेरेझीनच्या छावणीत व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोसाठीची त्रयी ७ ऑक्टोबर १९४४ला पुरी केली. १६ तारखेच्या गाडीनं त्याला आउशवित्झला धाडलं. त्याच गाडीत हास, व्हिक्टर उलमान आणि हान्स क्रासा. क्लाइनचं छावणीआधीचं काम एका बंद सुटकेसमध्ये पडून होतं, ती उघडली १९९०मध्ये. कुलपात असलेल्या माणसाला दुसऱ्या फळीत कुणी बसवलं, आणि काय ऐकून?

तिरपागडे:
माझ्या नावानं धागा निघाला, धन्य झालो. पण साहेब, तुम्ही तेच केलंत जे मी म्हणतोय. त्रयीवर एवढं लिहिलंत, त्यात गाडी आहे, सुटकेस आहे, तारीख आहे, संगीत कुठंय? मधल्या भागात मोरावियातल्या लोकगीतावर व्हेरिएशन्स (एकाच चालीची बदलती रूपं) आहेत, ती कशी आहेत ते सांगा की. आणि हासचे ते ड्रम पहिल्या प्रयोगात लोकांना खटकले म्हणून त्यानंच पुढं काढून टाकले होते, हे सोयीस्कर गाळलंत.

जर्मनीत असताना अशाच एका महोत्सवात ही त्रयी ऐकली. आधीच सांगितलं, 'कृपया टाळ्या नकोत.' व्हिओलावालीनं जीव ओतून वाजवलं, शेवटचा भाग संपला तेव्हा तिचा बो अजून हवेत होता, आणि सगळं सभागृह दहाव्याला आल्यासारखं मान खाली घालून. ही श्रद्धांजली आहे, मैफल नाही.

उलटीगंगा:
टाळ्यांचं एक मान्य. बाकीचं नाही.

खर्जातली मावशी:
भांडा खुशाल, पण उलमाननं काय केलं ते तरी बघा. तेरेझीनमध्ये तो मैफलींची परीक्षणं लिहायचा. त्यांतली २६ आज उपलब्ध आहेत. वाजवणारे उपाशी, सुरुवातीचा एक पियानो तर बिनपायांचा, तरी त्यांना तो कलाकार म्हणूनच जोखायचा. छावणीत बसून त्याला जे जमलं ते तुम्हाला पंख्याखाली बसून जमत नाही?

लालभाईंचा शेजारी:
मला वेगळंच खुपतंय. शुलहोफ या यादीत कसा? कम्युनिस्ट जाहीरनामा संगीतबद्ध करणारा माणूस! यादीतल्याच सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या पियानो क्विंटेटला तर १९४१मध्ये स्टालिन पारितोषिक. असा छळ आमचाही करा कुणीतरी.

खर्जातली मावशी:
शुलहोफ १९४२मध्ये जर्मनांच्या कैदेत क्षयानं गेला, भाऊ. शोस्ताकोविचला १९३६मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रानं झोडला, पारितोषिकानंतर १९४८मध्ये पुन्हा. आणि पोलंडचा ज्यू संगीतकार वाइनबर्ग? घरची माणसं नाझींनी मारली. हा पळून सोव्हिएत युनियनमध्ये गेला, तिथं सासऱ्यांचा खून झाला, फेब्रुवारी १९५३मध्ये स्वतः तुरुंगात. मार्चमध्ये स्टालिन मेला म्हणून वाचला. आता याला महोत्सवात कुठल्या दिवशी वाजवायचं, नाझींनी छळलेल्यांच्या की सोव्हिएतनं छळलेल्यांच्या?

लालभाईंचा शेजारी:
वाइनबर्ग ठीक. शुलहोफवर मी ठाम आहे.

दादर पश्चिम:
एवढं दळण दळताय, आणि वॉल्टर कौफमनचं नाव कुणी घेत नाही! कार्ल्सबादचा ज्यू, १९३४मध्ये मुंबईत आला, व्हायोलिनवादक मेहली मेहतांना घेऊन बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. आकाशवाणीची सकाळची धून त्याचीच.

तिरपागडे:
मुंबईत मैफली करत होता म्हणता, मग छळ कुठं झाला?

दादर पश्चिम:
प्रागमधला मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचा पुढारी निघाला म्हणून ज्यानं डॉक्टरेटवर पाणी सोडलं, गाव सोडून भाषा न येणाऱ्या देशात आला, त्याला तुम्ही सहलीला आलेला म्हणणार?

पेटीमास्तर:
धुनीच्या श्रेयावर आधीपासून वाद आहे. माझ्या काकांनी आकाशवाणीत नोकरी केली, ते वेगळंच नाव सांगायचे.

दादर पश्चिम:
प्रत्येकाचे काका आकाशवाणीतच कसे हो?

पेटीमास्तर:
काकांवर जायचं काम नाही! आणि ती धून शिवरंजनी आहे. प्रागहून आलेल्या माणसाला शिवरंजनी कुणी शिकवला?

खर्जातली मावशी:
नंतर भारतीय रागांवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिले त्यानं. शिकला असेल. तुम्हालाही कुणीतरी शिकवलंच ना?

दादर पश्चिम:
आमचे बाबा त्या धुनीवर दाढीचा साबण लावायला घ्यायचे. शिवरंजनी-बिवरंजनी काही नाही, सहा वाजायला आलेत एवढंच कळायचं.

पेटीमास्तर:
म्हणूनच म्हणतो, दाढी करणाऱ्यांनी रागावर बोलू नये.

उलटीगंगा:
मंडळी, धागा क्लाइनवर होता.

पेटीमास्तर:
मग क्लाइनवर बोला, अडवलंय कुणी? शिवरंजनीचं मी सोडणार नाही.

तिरपागडे:
हास ऐकला, ड्रमसकट. घ्या, दीडव्या फळीत टाकला. अर्धी फळी ड्रमवाल्याची. क्लाइनच्या व्हेरिएशन्सबद्दल धागाकर्त्यांनी अजून चकार शब्द काढलेला नाही, वाट बघतोय. आणि पेटीमास्तर, धून स्वरांत लिहून टाका इथं, काकांना मध्ये न आणता.