नगरसेविका ते थेट राज्यसभा, हे होतं कसं?

कोथरूडकर: मेधाताई कुलकर्णी आधी नगरसेविका, मग २०१४ ला आमच्या आमदार, २०१९ ला तिकीट कापून कोल्हापूरच्या चंद्रकांतदादा पाटलांना दिलं आणि २०२४ ला एकदम राज्यसभा! पण यासाठी मतदान कधी झालं, आम्हाला तर कोणी विचारलंच नाही?

पेठेतला: तुम्हाला कोण विचारतंय हो 😄 राज्यसभेला आमदार मत देतात. २०२४ ला महाराष्ट्रातून ६ जागा होत्या, आमदार २८८ धरले तर निवडून यायला साधारण ४२ मतं लागतात, पण उमेदवारही ६च उरले म्हणून सगळे बिनविरोध, मतदान झालंच नाही. २०१९ ची नाराजी भाजपने अशी भरून काढली असं माझं मत. कोथरूडात तेव्हा लोक खरंच चिडले होते.

सिंहगड रोड: वंदनाताई चव्हाण पण आधी पुण्याच्या महापौर, मग २०१२ पासून दोन टर्म राज्यसभा. टेकड्या वाचवा म्हणून त्या किती मागे लागल्या होत्या, बीडीपीचा (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) विषय निघाला की मला त्याच आठवतात.

कोथरूडकर: बरं मग आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचं मेधाताईंना सांगून उपयोग आहे का?

पेठेतला: ते महापालिकेचं काम, आधी नगरसेवकाला गाठा. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो आणि राज्यसभावाल्यांना तो राज्यात कुठेही सुचवता येतो, त्यामुळे तुमच्या गल्लीचा नंबर कधी लागणार देव जाणे.