पाचूत तेल चालतं, मग माणकात काच का नको?

लाल_खडा: पाचूच्या भेगांत सीडरचं तेल मुरवलेलं असतं हे सगळा बाजार जाणतो आणि चालवून घेतो. माणकाच्या भेगांत शिशाची काच भरली की मात्र 'नकली' म्हणून बोंब. दोन्हीकडे उद्देश एकच, भेग दिसू नये. बिलावर स्पष्ट लिहावं आणि खुशाल विकावं.

भिंग: उद्देश एक असेल, प्रमाण एक नाही. पाचूतलं तेल काढलं तर पाचू उरतो, फार तर भेगा उघड्या पडतात. काही माणकांतली काच काढली तर हातात तुकडे येतात. 2004 च्या सुमारास हा माल बाजारात आला तो मादागास्करच्या भेगाळ, मातकट कुरुंदापासून (माणिक याच खनिजाचं असतं). तो आम्लात धुवायचा, काचेची पूड लावायची आणि सुमारे 900 अंशांवर भट्टीत घालायचा. शिसंच का? माणकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, 1.76 ते 1.77, साध्या काचेचा 1.5 च्या आसपास. एवढा फरक असला की भेग दिसतेच. शिशाने काचेचा आकडा वर चढतो आणि भेग लपते. शिवाय भाव कॅरटवर, म्हणजे गिऱ्हाईक काचही माणकाच्या दराने घेतं.

कोंदणकर: अंगठी सैल झाली की खरी परीक्षा. सोनार कडं कापतो, झाळतो आणि काळवंडलेलं सोनं सौम्य गंधकाम्लात टाकतो. काच भरलेला खडा तसाच ठेवला तर ज्योतीने काच वितळून थेंब वर येतात, उरलेली आम्ल खातं आणि खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं उमटतं. लिंबाच्या रसानेही ती झिजते! काच न भरता नुसतं तापवलेलं माणिक हे सोसतं. फक्त झाळताना वापरतात तो टाकणखार त्याला लागू द्यायचा नाही, कारण तापलेला टाकणखार अस्सल माणकाचंही पॉलिश खातो.

लाल_खडा: अहो, पाचूला तरी ज्योत कुठे चालते? अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायला टाकला की तेल निघतं आणि भेगा पांढऱ्या दिसू लागतात. त्यात हिरवा रंग घातलेलं जोबन तेल, ते तर सरळ रंगकाम. दोन्ही खडे झाळण्याआधी काढूनच ठेवावे लागतात. मग लॉकेटात, कुड्यांत काचवालं माणिक का नको? तिथे माप बदलायची वेळच येत नाही.

भिंग: जोबनबद्दल एकदम सहमत, लॉकेटालाही हरकत नाही. पण तेल पुन्हा भरता येतं, आणि पाचूच्या प्रमाणपत्रावर ते किरकोळ, मध्यम की जास्त हे लिहून मिळतं. माणिक घेताना 10 पट भिंगाखाली खडा हळूहळू कलता करा. भेगेत निळी चमक लकाकली आणि चपटे गोल बुडबुडे दिसले, तर काच आहे. हे दुकानातच करायचं, बिल झाल्यावर नव्हे.

तोळामासा: स्वस्तात लालच हवं तर कृत्रिम माणिक घ्या की! पूड ज्योतीत वितळवून माणिक बनवायची व्हर्नॉइलची पद्धत 1902 पासून जगजाहीर आहे. ते माणिकही कुरुंदच, आम्लाला दाद देत नाही.

लाल_खडा: लोकांना खाणीतला दगड हवा असतो.

तोळामासा: मग त्यातली काच कुठल्या खाणीची?

कोंदणकर: काचवालं घेतलंच असेल तर बंद कोंदणात बसवा. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. आणि पॉलिशला देताना खड्यात काच भरलेली आहे हे सोनाराच्या पावतीवर लिहून घ्या.